विश्वजितच्या हातावरची संयोगिता

आमच्या घरात नवी नवरी उंबरा ओलांडून आत आली की तिचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं, पेढे वाटायचे. दुसऱ्या दिवसापासून जुनं नाव माहेरी. नवं नाव कोणतं, हे ठरवण्याचा मान माझ्या थोरल्या बहिणीचा, धोंडुआक्काचा. आटपाडीजवळच्या आमच्या वस्तीवर जेवढ्या सुना आल्या, त्या सगळ्या आक्काच्या तोंडून नाव घेऊनच चुलीपाशी गेल्या. माझी बायको माहेरची साळू. आक्कानं तिची सुमन केली. साळूच्या उजव्या हातावर मात्र लहानपणी जत्रेत तिच्या आईनं गोंदवून घेतलेलं ‘साळू’ तसंच राहिलं, हिरवट, चार ठिपक्यांच्या मधोमध. ते काही तांदळात लिहिलेलं नव्हतं, म्हणून आक्काला पुसता आलं नाही.

मी भाऊसो. थोडी डाळिंबं, थोडी मेंढरं आणि पुष्कळ कीर्तन, असा माझा संसार. पंचक्रोशीत कुठंही सप्ताह बसला की मी पहिल्या रांगेत असतो. बुवा दृष्टांत सांगताना अडखळले तर माझ्याकडं बघतात, असं बायको म्हणते. ती थट्टा करते, पण सगळीच खोटी नाही.

तर मंडळी, ही कथा माझ्या पुतण्याची. विश्वजित माझ्या थोरल्या भावाचा, बिराप्पाचा मुलगा. बिराप्पा आणि वहिनी मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले, ते लग्नाला तेवढे वर येणार. तोवर पोराचं लग्न माझ्या गळ्यात.

नवरी म्हसवडची. राणी तिचं नाव. दहिवडीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. विश्वजितच्या तळहातात डाळिंबाचा काटा मोडला, तो काढायला हा तिथं गेला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची सुई बघून खुर्चीतून सरळ खाली घसरला. शुद्धीवर आला तेव्हा राणी त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. म्हणाली, “एवढा दांडगा गडी, आन् सुईला भितोय व्हय?” त्या एका वाक्यावर हा पोरगा पागल झाला. मागणं घातलं, कुंडली जमली, साखरपुडा झाला. आक्कानं दोन दिवस डोळे मिटून विचार केला आणि नाव जाहीर केलं, “संयोगिता.” कुठल्याशा मालिकेतल्या मोठ्या घरच्या सुनेचं होतं ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. नवरीकडं कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ताटातलं नाव नवरीला ताटातच कळतं, ही आमची रीत.

लग्नाला पंधरवडा राहिला असताना विश्वजित मला म्हणाला, “तात्या, सांगलीला येतासा का? सांजच्याला तिकडं कीर्तन हाय म्हनं. लय मोठं बुवा हाईत.”

मी पटका बांधूनच पिकअपमध्ये बसलो. कीर्तनाचं आमिष दाखवून मला कुठंही नेता येतं, हे घरातल्या शेळ्यांनाही माहीत आहे.

गाडी विश्रामबागेत एका काचेच्या दुकानापुढं थांबली. आत भिंतीवर वाघ, गरुड, महादेव, कवट्या, फुलं. मधोमध दातांच्या डॉक्टरकडं असते तसली खुर्ची.

“हे कसलं देऊळ रं?” मी विचारलं.

“टॅटूचं दुकान हाय, तात्या. राणीचं नाव गोंदायचंय. सुईला भितोय म्हनली न्हवं? लग्नाच्या दिवशी बाही वर करून दावतो तिला.”

दुकानाचा मालक ऋषिराज. दाढी छातीपर्यंत, दोन्ही हात चित्रांनी भरलेले, आवाज मात्र प्रवचनकारासारखा मऊ. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “जेवून आलाय का?” मला माणूस तिथंच आवडला.

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. ताप आहे का? साखरेचा त्रास? रक्त पातळ करायच्या गोळ्या? जखम झाली की वण फुगून वर येतो का? सैन्यभरतीला उभा राहणार आहेस का? असशील तर जागा नीट चौकशी करून निवड, नाहीतर मैदानात पळशील आणि हाताच्या तपासणीत मागं फिरशील.

“काल काही घेतली होती?”

विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. “न्हाई वं. मी कुठं?”

“काकांकडं बघून नको सांगू, सुईकडं बघून सांग. घेतली असेल तर रक्त जास्त येतं, शाई धरत नाही.”

“…बियर. एकच. परवा.”

“परवाची चालते,” ऋषिराज म्हणाला. मला चालते का, हे कोण विचारतंय?

मग त्यानं चित्रांची वही पुढं ठेवली. मंडळी, आपण समजतो गोंदण म्हणजे गोंदण. तिथं तर रागदारीइतके प्रकार! एक जाड रेघांचं, तीनचार ठळक रंगांचं, जुन्या खलाशांच्या तऱ्हेचं. ते म्हातारपणापर्यंत स्पष्ट राहतं. एक नुसत्या ठिपक्यांनी भरलेलं, रांगोळीसारखं. एक हुबेहूब, फोटो काढल्यागत. एका गड्याच्या दंडावर त्याचा शर्यतीचा बैल होता, नाकपुडीतला ओलावासुद्धा दिसत होता. एक पाण्यात रंग सांडल्यासारखं. ते दिसायला सगळ्यात देखणं, पण ऋषिराज म्हणाला, “आपल्या काळ्या-सावळ्या कातडीवर हे फिके रंग टिकत नाहीत. मी विकत नाही ते, विचारलं तर दाखवतो फक्त.” आणि एक केसासारख्या बारीक रेघेचं. पोरींना आवडतं, पण वर्षं गेली की रेघ पसरते.

“बोटावर काढू नको, लवकर उडतं,” तो विश्वजितला सांगत होता. “कोपराच्या हाडावर लय दुखतं. बरगडीवर तर देव आठवतो.”

“देव आठवत असंल तर तिथंच काढ की,” मी म्हणालो.

ऋषिराज हसला. त्याला माझ्या बायकोच्या गोंदणाचं मी सांगितलं, चार ठिपके आणि नाव. तो म्हणाला, “काका, ते खरं गोंदण. आमचं आपलं विजेवरचं.” मग विश्वजितकडं वळून, “काय काढायचं ठरलंय?”

“नाव. हुनाऱ्या बायकोचं.”

ऋषिराजनं वही मिटली. “आईबापाचं नाव मी लगेच काढतो. देवाचं लगेच. बायकोचं नाव असेल तर गिऱ्हाइकाला एकदा घरी पाठवतो. चार दिवसांनी आला तर काढतो. निम्मे येत नाहीत.”

“माझं समदं ठरलंय. पत्रिका छापल्यात.”

“बरं. नाव काय?”

“संयोगिता.”

मी मधे पडलो. “आरं, पोरीचं नाव राणी हाय की!”

“तात्या, राणी कुठवर? लग्नापतुर. फुडं जलमभर संयोगिताच न्हवं का? गोंदलेलं काय पुसत न्हाई. मग पक्कं नाव गोंदावं का कच्चं?”

मी तर्कात खोट शोधली. सापडली नाही. कीर्तनात असा मुद्दा कुणी मांडला असता तर मी टाळी दिली असती.

“मुलीला विचारलंय?” ऋषिराजनं विचारलं.

“सरप्राईज हाय.”

“सरप्राईज केक असतो दादा. टॅटू नसतो.”

पण पोरगं हटेना. शेवटी ऋषिराजनं कागदावर नाव लिहिलं, अक्षरं मोठी ठेवली. म्हणाला, बारीक काढलं तर अनुस्वार आणि मात्रा काही वर्षांत एकमेकांत मिसळून मुंग्यांची रांग दिसेल. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला छाप उठवला, “वाच, दहादा वाच,” म्हणाला. सुई आमच्यासमोर नव्या पुडीतून फोडली.

यंत्र सुरू झालं आणि विश्वजितचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यानं माझा हात धरला. त्या यंत्राचा सूर मात्र असा सणसणीत, की पेटीच्या काळी एकला जुळावा. मी नकळत ‘विठ्ठल, विठ्ठल’ धरलं. पोरानंही डोळे मिटून साथ दिली.

“काका,” ऋषिराज म्हणाला, “गाऊ नका. माझा हात तालावर हलायला लागलाय.”

मी मनात म्हणत राहिलो. पोरगा घामानं भिजला, पण खुर्चीतून घसरला नाही, एवढं त्याच्या बाजूनं मी कुठंही सांगेन.

झाल्यावर ऋषिराजनं हात पुसून वर पातळ चिकटपट्टी लावली. “आता ऐक. ऊन लागू द्यायचं नाही. विहिरीत, नदीत डुंबायचं नाही. खपली खाजवायची नाही. तेल नाही, हळद नाही.”

“हळद न्हाई?” मी म्हणालो. “आवं, लगीन हाय त्याचं!”

“कधी?”

“पंदरा दिवसांनी.”

ऋषिराजनं कपाळाला हात लावला. “हे आधी सांगायचं असतं हो.”

“तुमी बियरचं इचारलंसा, हळदीचं कुठं इचारलं?”

 निघताना त्यानं फोटो काढला. “पेजवर टाकू का?” विश्वजित म्हणाला, “टाका की!” या तीन अक्षरांनी पुढचं सगळं रामायण घडवलं.

कीर्तन मात्र खरंच होतं आणि खरंच छान झालं. बुवांनी नेमकं देहावर निरूपण लावलं. देह म्हणजे भाड्याची खोली, भिंतीवर खिळे फार ठोकू नयेत. मी विश्वजितकडं बघितलं. तो बाहीवर फुंकर घालत बसला होता.

घरी आल्यावर त्याला ते कुणाला दाखवायचं नव्हतं, पण आक्काच्या पुढं त्याला राहवलं नाही. आक्काला वाचता येतं. तिनं एकेक अक्षर बोटानं, हवेतून, गिरवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर इतकी नावं ठेवली, ती सगळी तांदळात. तांदूळ शिजवून खाल्ले की संपलं. हे पहिलं नाव टिकणारं! तिनं पोराची अलाबला घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, तो झोपेत असताना, चिकटपट्टी काढून तेलात कालवलेली हळद त्यावर चोळली. गोंदल्यावर हळद लावायची, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

सकाळी हात टरारून सुजला.

आणि दुपारी फोन आला. म्हसवडहून, राणीचे वडील केरबा.

“पावनं, राम राम. एक इचारू का? ही संयोगिता कोन?”

राणीच्या बहिणीनं, मायानं, तो फोटो बघितला होता. चेहरा नव्हता त्यात, पण मनगटावरचा विळ्याचा जुना वण होता आणि साखरपुड्यात तिनंच चढवलेलं चांदीचं कडं होतं.

“आवं पावनं,” मी घाईघाईनं म्हणालो, “संयोगिता म्हंजी तुमचीच पोरगी!”

 मग केरबा सावकाश म्हणाले, “मला दोनच पोरी हाईत, पावनं. तिसरी कवा झाली ते मला तरी ठावं न्हाई.”

मी रीत समजावून सांगितली. तांदूळ, अंगठी, आक्काचा मान. फोनवर आवाज बदलला. राणी होती.

“तात्या, म्हंजी मी आमुक तारखेपास्नं राणी न्हाई, हे समद्या इंटरनेटला कळलं, आन् मला न्हाई?”

“तसं न्हाई, बाळ…”

“रविवारी या. आक्कास्नी घिऊन या. आन् ज्याच्या हातावर संयोगिता हाय त्याला बी आना. संयोगिताशी लगीन करायचं हाय का माज्याशी, त्ये बघू.”

विश्वजित त्या रविवारपर्यंत जेवला नाही म्हटलं तरी चालेल. बागेत झाडाखाली बसायचा, पूर्ण बाहीच्या शर्टात. “तात्या, ती न्हाई म्हनली तर?” एवढंच विचारायचा.  मी आपला नाम घ्यायला सांगायचो, आणि तो ऐकायचा, यावरून त्याची अवस्था समजावी.

विश्वजित, आक्का, मी आणि माझी बायको, असे दिघंचीवरून म्हसवडला पोचलो. केरबांनी पाणी दिलं, चहा दिला, पण सोप्यात हवा लग्नघरासारखी नव्हती. राणी आली, दवाखान्यातून परस्पर आलेली, पांढऱ्या कोटासकट. शेजारी माया.

राणी विश्वजितपुढं बसली. “बाही वर करा.”

त्यानं केली. ती वाकली. आम्हाला वाटलं, नाव बघून आता काहीतरी बोलेल.

“हळद कुणी लावली?”

 आक्का पदर सावरत म्हणाली, “मी. का?”

“आक्का, ह्यो काय पाटा-वरवंटा हाय का? बारीक बारीक भोकं पडलेली कातडी ही! बरं, घरी आल्यावर कशानं धुतलं?” विश्वजितनं मान हलवली. “म्हंजी धुतलंच न्हाई. ताप आलता का रातीचा? थंडी वाजली का?”

“न्हाई,” विश्वजित म्हणाला, “नुसती भीती वाटलीय.”

“सुईची?”

“तुजी.”

मायाला हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. राणीनं मात्र हसू गिळलं. आतून डबा आणला, हात कोमट पाण्यानं आणि साबणानं हलक्या बोटांनी धुतला, मलम लावलं. काम करता करता, त्याच्या हातावरची नजर न काढता, ती बोलत होती.

“हे बघा, माया माजी मोठी बहीन. सासरी तिची समृद्धी केली. आता ती म्हायेरला आली की आई कवा माया म्हनती, कवा समृद्धी. आधारकार्डावर एक, शाळंच्या दाखल्यावर एक. बँकेत गेली की दोगी बहिनी हाईत का इचारत्यात. परवा तिच्या लहानपनीच्या मैत्रिनीनं रस्त्यात ‘माये!’ म्हनून हाक मारली, तर ही वळलीच न्हाई. घरी येऊन रडली. मला दवाखान्यात समदी राणी सिस्टर म्हनत्यात. म्हातारी मानसं सुई टोचायला राणीलाच बोलवा म्हनत्यात. मी संयोगिता हुनार न्हाई.”

आक्काचा चेहरा ताठ झाला. “मग आमच्या उंबऱ्याच्या आत कशी येशील? आमच्या घरात आजवर एक बी सून म्हायेरचं नाव घिऊन नांदली न्हाई.”

“मग न्हाई येत,” राणी म्हणाली. मलम लावणारं बोट थांबलं नाही.

विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. मी कीर्तनातला माणूस, मी घसा साफ केला. “आता बघा मंडळी, नाम म्हंजी काय? भगवंताला सहस्र नामं हाईत…”

“तात्या,” केरबा म्हणाले, “भगवंताला कुणी आधारकार्ड मागत न्हाई.”

मी बसलो.

तेव्हा माझी बायको बोलली. ती अशा बैठकीत कधी बोलत नाही, भाकरी आणि चहाची चौकशी तेवढी करते. ती आक्काकडं वळून, अगदी साधेपणानं म्हणाली, “आक्का, तुमचं सासरचं नाव काय वं?”

आक्का गोंधळली. “ते आता कशाला?”

“न्हाई, सहज. इसरलो आमी.”

खरंच विसरलो होतो. आक्काचं सासर रहिमतपूरकडं. नवरा वारल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली आणि आम्हाला ती जन्मापासून धोंडुआक्काच. आक्कानं छताकडं बघून आठवलं आणि ओशाळून म्हणाली, “इंदुमती.”

“बरं मग इंदुमतीआक्का,” बायको म्हणाली, “चा गार हुतोय, घ्या.”

“खबरदार!” आक्का कडाडली. “इंदुमती म्हनायचं न्हाई मला! मी हितं धोंडू हाय. ते नाव मला कवा लागलंच न्हाई अंगाला. सासू हाक मारायची इंदुमती म्हनून, आन् मी शेजारनीकडं बघायचे…”

ती थांबली. आपण काय बोललो ते तिलाच ऐकू आलं. माया तिच्याकडं टक लावून बघत होती.

आक्कानं चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. मग मायाला म्हणाली, “ये हिकडं. बस माज्याजवळ. काय नाव तुजं? खरं?”

“माया.”

“माया. गुनी नाव हाय. आन् समृद्धी कुणी ठिवलं?”

“आत्तीनं, नवऱ्याच्या.”

“आत्यास्नी दुसरं काम नसतंय,” आक्का म्हणाली, आणि मंडळी, माझ्या बहिणीला मी अख्ख्या आयुष्यात स्वतःवर हसताना पाहिलं ते तेवढंच एकदा.

पण हसून झाल्यावर तिनं विश्वजितच्या हाताकडं बोट दाखवलं. “ती राणीच ऱ्हाऊ दे. ताटात राणीच लिवू. पर ह्या येड्याच्या हातावर ते ऱ्हानार त्येचं काय? लोक जलमभर इचारनार, संयोगिता कोन म्हनून. माज्या सुनंनं किती जनास्नी उत्तरं द्यायची?”

हा प्रश्न खरा होता. लेझरनं काढायचं म्हटलं तर पुन्हा पुन्हा भाजून घ्यायचं, तरी डाग राहायचा. वर मोठं काळं चित्र काढून झाकायचं म्हटलं, तर हात आधी पूर्ण बरा व्हायला पाहिजे, त्याला महिने जाणार. राणीनंच हे सगळं सांगितलं, दवाखान्यात बघून तिला माहीत. विश्वजित खाली मान घालून ऐकत होता.

“मी झाकतो,” तो म्हणाला. “काळ्या शाईनं अख्खा हात भरून काढतो. तू म्हनशील ते.”

राणी विचार करत होती. बाहेर दावणीला केरबांची माडग्याळी जातीची मेंढी ओरडली. लांब कान, उंच नाक, तोऱ्यात उभी. लेकीला आहेर म्हणून ती द्यायची असं केरबांनी साखरपुड्यातच सांगितलं होतं.

राणीनं दाराबाहेर बघितलं, मग आक्काकडं. “आक्का, तुमी ठिवलेलं नाव वाया घालवायचं न्हाई. त्या मेंढीला अजून नाव न्हाई.”

 पहिल्यांदा केरबांना कळलं आणि ते खांबाला धरून हसायला लागले. आक्का दारापर्यंत गेली, मेंढीला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“शोभतंय,” ती गंभीरपणे म्हणाली. “नाक बी तसलंच हाय, मालिकेतल्या सुनंसारखं.”

लग्न ठरल्या दिवशी लागलं. बिराप्पा कोकणातून आदल्या दिवशी आला, त्याला सगळी कथा सांगता सांगता माझं निम्मं कीर्तन झालं. हळदीत विश्वजितचा डावा हात स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर धरलेला. राणीची सक्त ताकीद होती. अख्ख्या मांडवाला वाटलं, पोराला काही नवस आहे. दोन बायकांनी त्या हाताला नमस्कारही केला.

संध्याकाळी ताट आलं, तांदूळ पसरले. विश्वजितनं अंगठी घेतली. फडकं आता सोडलेलं. उजवा हात तांदळात ‘राणी’ लिहीत होता आणि डावा हात ताट धरून होता, त्यावर ठळक ‘संयोगिता’. वाकून वाचणाऱ्या पाहुण्यांची जी गाळण उडाली ती काय सांगू! एकानं ताट वाचलं, एकानं हात. “नेमकी कोन आली रं घरात?” कुणीतरी विचारलं.

“दोगी आल्यात,” आक्का म्हणाली. “एक आत हाय, एक दावणीला.”

पावसाळा सरला, हात बरा झाला, आणि विश्वजित पुन्हा सांगलीला निघाला. या वेळी राणी, मी आणि माझी बायको, सगळेच गेलो. ऋषिराजनं हकीकत ऐकली आणि खुर्चीतच वाकून हसला. मग हात उजेडात धरून बघितला.

“झाकायचं कशाला?” तो म्हणाला. “नाव झाकलं की लोक विचारतात, खाली काय होतं. त्यापेक्षा नावाच्या वर मेंढीचं चित्र काढू. हुबेहूब. मग नाव कुणाचं हे कुणाला विचारायलाच नको.”

राणीनं मोबाईलमधून मेंढीचे फोटो काढून दिले, एकेक कान दाखवत, “ह्यो डावा जरा वाकडा हाय, तसाच यायला पायजे.” त्या दिवशी विश्वजितनं हात धरला तो राणीचा, माझा नाही. आता जत्रेत, बाजारात कुणीही त्याचा हात बघतं आणि म्हणतं, “वा गड्या! मेंढरावर एवढी माया? खरा धनगर!” दोनतीन पोरांनी तर तसलंच काढून घ्यायचं ठरवलंय, असं ऐकतो. त्यांना मी सांगतो, आधी मेंढीला विचारा.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं शेवटचं. विश्वजितचं काम चाललं होतं, यंत्र काळी एकमध्ये गुणगुणत होतं. मध्ये विश्रांतीला ऋषिराज उठला आणि माझ्या बायकोच्या हाताकडं त्याचं लक्ष गेलं. “काकू, बघू?” त्यानं दोन्ही हातांत धरून बघितलं ते जुनं गोंदण. चार ठिपके, मधे फिकट झालेलं नाव. “किती सुरेख आहे. पुसट झालंय फक्त. हवं असेल तर पुन्हा उठवून देतो. तुम्हाला काही द्यायचं नाही.”

“नगं बाबा,” बायको म्हणाली. “दिसतंय की मला.” आणि मग माझ्याकडं न बघता, त्याच्याशी बोलल्यासारखं, “ह्यांना तेवढं वाचायला सांग.”

ऋषिराज हसून पुन्हा खुर्चीकडं गेला. मी तिथं बाकावर बसून राहिलो. इतकी वर्षं तो हात मला भाकरी वाढत आला, माझ्या पटक्याला नीळ देत आला, कीर्तनाला निघताना पाण्याची बाटली पिशवीत ठेवत आला. आणि मी त्या हाताला रोज वेगळ्याच नावानं हाक मारत होतो.

परतताना तासगावच्या अलीकडं एका देवळापुढं मांडव दिसला. माईकवर टाळांचा आवाज. गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून मी मागं वळलो.

“साळू,” मी म्हणालो, “चल, कीर्तन सुरू झालंया.”

ती उतरली, पदर नीट केला, आणि माझ्या पुढं होऊन चालायला लागली.

“वाचायला लय येळ लावलासा,” एवढंच म्हणाली.